शब्दचर्चा: 'इजिन' म्हणजे फिरंगी, परदेशी की टोपीकर?

कुंदकळी: एका प्रदर्शनासाठी जपानी ठसाचित्रांखालच्या ओळी मराठीत करतेय. १८५९ मध्ये योकोहामा बंदर खुलं झालं आणि एदोतल्या (म्हणजे आजच्या टोकियोतल्या) चित्रकारांनी तिथल्या गोऱ्यांची चित्रं धडाधड छापली, ती 'योकोहामा-ए'. त्यांत जागोजागी 'इजिन' येतं. मी 'फिरंगी' लिहिलं, तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'परदेशी नागरिक' केलं. घेरदार परकरातली मड्डम घोड्यावर बसलीय आणि खाली 'परदेशी नागरिक'! पासपोर्टच्या रांगेतली वाटते.

ठसेवाला: फिरंगी नकोच, ताई. त्यात हेटाळणी आहे. या चित्रांत नवलाई जास्त. चित्रकार सादाहिदे बारकाईनं बघायचा, पण बाकीच्यांनी पुष्कळ आकृत्या विलायती सचित्र वृत्तपत्रांतून उचलल्या. नाक मात्र सगळ्यांचं लांब!

जुनी_बखर: हेटाळणी कसली? 'फ्रँक'वरून फारसीमार्गे आलेला साधा शब्द. फिरंग म्हणजे तलवारही.

ठसेवाला: आणि आयुर्वेदात फिरंग रोगही. तो कुठला, ते सांगा की चारचौघांत.

जुनी_बखर: विषय बदलू नका. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात फिरंगी (म्हणजे पोर्तुगीज), इंगरेज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच) वेगवेगळे आणि सगळे मिळून 'टोपीकर'. या चित्रांतही अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स, रशिया, हॉलंड अशी पाच राष्ट्रं. टोपीकर लिहा, चपखल बसतं.

कोबेकर: 'इ' म्हणजे वेगळा, 'जिन' म्हणजे माणूस. टोपी आली कुठून? फिरंग्यांना खरा जोडीदार 'नानबान', दक्षिणेकडचे रानटी, तो पोर्तुगीजांसाठी. डच ते 'कोमो', लाल केसवाले. इथे कोबेत गोऱ्यांच्या जुन्या बंगल्यांना आजही 'इजिनकान' म्हणतात, लोक तिकीट काढून बघतात. 'गाइजिन', म्हणजे बाहेरचा माणूस, म्हटलं की मात्र माझ्या शेजारचा फ्रेंच चिडतो.

जुनी_बखर: गंमत बघा, जपानीत इंग्लंड 'इगिरिसु', हॉलंड 'ओरांदा'. दोन्ही पोर्तुगीजांची देणगी, आपल्या इंग्रज-वलंदेजांसारखीच!

शुद्धमती: म्हणूनच 'आंग्ल' म्हणावं.

ठसेवाला: म्हणा. रिक्षावाल्याला सांगून बघा, 'आंग्ल शाळेपाशी सोडा'.

आजोळ: आमच्या साताऱ्याच्या आजीला परदेशी म्हणजे उत्तरेकडून येऊन राहिलेला माणूस. गोरा दिसला की 'सायब'. माझ्या वर्गातल्या परदेशीचं तर आडनावच ते, आणि मराठी माझ्याहून चांगलं!

शुद्धमती: मग 'परकीय' घ्या.

कुंदकळी: परकीय मड्डम? आक्रमण करायला आल्यासारखी. अहो, उद्या सकाळी छपाईला द्यायचंय.

कोबेकर: 'इजिन'च ठेवा, कंसात 'वेगळा माणूस'.

जुनी_बखर: म्हणजे आपण सगळेच इजिन. टोपीकर!

आजोळ: बाकी ते राहू द्या, 'परकर' कुठून आला हो? तोही पोर्तुगीजच का?