बेंटोनाइट सगळेच रंग ओढत नाही
असा दावा केला जातो की बेंटोनाइट या स्वस्त चिकणमातीने पाण्यातला मिथिलीन ब्लू (एक निळा रंग) झटक्यात उतरला, म्हणजे कापड रंगवण्याच्या (डाइंगच्या) सांडपाण्यालाही तेच चालेल. नाही चालणार. मिथिलीन ब्लू धनभारित, मातीचा पृष्ठभाग ऋणभारित, म्हणून तो चिकटतो. सुती कापडाचे रिअ‍ॅक्टिव्ह रंग ऋणभारित. कच्ची माती त्यांना जवळ करत नाही. त्यासाठी माती आधी सीटॅबच्या (CTAB, साबणासारखं फेसाळणारं धनभारित रसायन) द्रावणात ढवळून, फेस जाईपर्यंत धुऊन वाळवावी लागते. (इथेच 'स्वस्त'पणा निम्मा संपतो!)

मिथिलीन ब्लूच्या चाचणीला त्याचं 50 मिग्रॅ/लिटरचं 100 मिली द्रावण, 0.1 ग्रॅम माती, तासभर ढवळणं. गाळायला फिल्टर पेपर नको. तो स्वतःच मिथिलीन ब्लू पितो आणि उतरलेल्या रंगाची टक्केवारी फुगते. सेंट्रिफ्यूज करून (वेगाने फिरवून माती तळाशी बसवून) स्पेक्ट्रोफोटोमीटरवर 664 नॅनोमीटरला, म्हणजे मिथिलीन ब्लू सर्वात जास्त प्रकाश शोषतो तिथे, वाचन घ्या. मातीचा गढूळपणा राहिला तर तोही प्रकाश अडवतो आणि उलटं होतं, रंग उतरलाच नाही असं वाटतं.