इंदूरहून एकटीच व्हिएतनामच्या हनोईला, पहिल्यांदाच परदेश

सराफाकर: दिवाळीनंतर दिल्लीमार्गे हनोईला एकटी जातेय, फ्लाईट रात्री पोचते त्याचीच धास्ती वाटतेय, काय काय सांभाळू?

पलासियावाली: अगं ई-व्हिसा सरकारी साईटवरूनच काढ, नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर. आणि रात्री टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करत बसू नकोस, ग्रॅब हे टॅक्सी मागवायचं ॲप इथूनच टाकून ठेव, भाडं आधीच दिसतं, गाडीचा नंबर लगेच घरी पाठवता येतो, एकट्या बाईसाठी हे फार मोठं आहे.

नर्मदेहर: ताई, नोटा नीट बघा हं, 20,000 आणि 500,000 डोंग (तिथलं चलन) दोन्ही निळ्या, अंधारात हमखास गल्लत होते, मोठ्या वेगळ्या कप्प्यात ठेवा. शाकाहारी असाल तर आधीच विचारा, नुसत्या भाजीतही फिश सॉस असतो.

सराफाकर: बापरे, हे कुणीच सांगितलं नव्हतं! ग्रॅब टाकलंसुद्धा.