बेअरिंग हाउसिंगच्या बोअरमध्ये भोकं: सर म्हणतात श्रिंकेज, फाउंड्रीवाले म्हणतात गॅस

टीवाय मेकॅनिकल, सांगली

आमचा चौघांचा मिनी प्रोजेक्ट कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत चालू आहे. पार्ट बेअरिंग हाउसिंग, एफजी २६० (ग्रे आयर्नचा एक ग्रेड), कास्टिंगचं वजन साधारण १४ किलो. वरून माल एकदम स्वच्छ दिसतो, पण मशीन शॉपमध्ये बोअर मारला की भोकं उघडी पडतात आणि पार्ट परत येतो.

गाइड सर फोटो बघून म्हणाले, श्रिंकेज (धातू गोठताना आकसून पडलेली पोकळी) आहे, रायझर (आकसणाऱ्या मालाला वितळलेला धातू पुरवणारा साठा) डिझाइन करा. सुपरवायझर काका म्हणतात, "रायझर-बियझर काय नको, कोअरचा (बोअरची पोकळी घडवणाऱ्या वाळूच्या गाभ्याचा) गॅस आहे." मी पुस्तकातल्या पद्धतीनं गणित केलं. बोअरभोवतीची भिंत ३० मिमी, म्हणून मॉड्युलस (घनफळ भागिले थंड होणारं क्षेत्रफळ) १५ मिमी. रायझर मालाच्या नंतर गोठावा म्हणून त्याला १.२ नं गुणून १८. उंची आणि व्यास सारखे धरले तर मॉड्युलस व्यासाचा सहावा हिस्सा, म्हणून रायझर १०८ मिमीचा येतो. काकांना कागद दाखवला तर ते हसले आणि चहा सांगितला. आता रिपोर्टमध्ये कुणाचं लिहू?

कराडचा सीनियर

सिम्युलेशन करून टाक. हॉट स्पॉट लाल दिसतो, स्क्रीनशॉट लावला की दहा पानं भरतात. सबमिशनच्या आठवड्यात भट्टीजवळ कशाला जातोस?

कुपवाडचा मेथड्सवाला

सीनियर, पानं भरतील ओ, भोकं कशी भरणार?

काका का हसले ते आधी सांगतो. १०८ बाय १०८ चा रायझर म्हणजे जवळजवळ सात किलो मेटल. चौदा किलोच्या मालावर सात किलोचा रायझर ठेवला तर मालक आधी तुला आणि मग काकांना गेटबाहेर काढेल. तुझं गणित चुकलेलं नाही, पण तो १.२ चा नियम स्टीलच्या कास्टिंगला शोभतो. ग्रे आयर्न गोठताना त्यातला कार्बन ग्रॅफाइट होऊन बाहेर पडतो आणि ग्रॅफाइट जागा जास्त घेतं. त्यामुळे आकसण्याची बरीचशी भरपाई धातू स्वतःच करतो. साचा घट्ट ठोकलेला असेल तर हा फायदा मिळतो. वाळू ढिली असेल तर भिंतच मागं सरकते आणि फायदा गेला.

तरी सरांचा संशय अगदीच हवेतला नाही. एफजी २६० ला ताकद हवी म्हणून कार्बन जरा खाली ठेवतात. हीट शीट (एका वेळी वितळवलेल्या मेटलमधल्या घटकांची नोंद) मागून घे. कार्बन ३.३ टक्के आणि सिलिकॉन २ टक्के असेल तर सीई, म्हणजे कार्बन इक्विव्हॅलंट, साधारण ४ येतो (कार्बन अधिक सिलिकॉन-फॉस्फरसच्या बेरजेचा तिसरा हिस्सा). युटेक्टिक (सगळ्यात कमी तापमानाला गोठणारं मिश्रण) ४.३ ला. जितका खाली जाशील तितकं ग्रॅफाइट कमी आणि आकसणं जास्त.

पण हे सगळं नंतर. फोटोवरून डिफेक्टचं नाव ठेवू नये. परत आलेल्या मालातला एक तुकडा माग आणि पॉवर सॉवर भोकातून आडवा काप. भोकाची आतली भिंत गुळगुळीत, चकचकीत, आकार गोल किंवा पेरूसारखा असेल तर गॅस. खडबडीत असेल आणि भिंगातून बारीक फांद्या दिसल्या तर श्रिंकेज. जागाही बघ. गॅस वर चढतो, म्हणून तो कोपच्या (साच्याच्या वरच्या अर्ध्या भागाच्या) बाजूला आणि कोअरला लागून सापडतो. श्रिंकेज जाड जोडाच्या पोटात बसतं. भोकात काचेसारखा स्लॅग दिसला तर प्रकरण तिसरंच, मग लॅडलमधून (मेटल ओतायच्या भांड्यातून) ओतलेल्या शेवटच्या बॉक्समध्ये (साच्यात) मेटल थंड पडत होतं का ते विचार.

मशीन शॉप, मिरज

माझंही एक ऐका. बोअरमध्ये किती मिमी मटेरियल काढल्यावर भोक दिसलं ते ऑपरेटरला विचारा, तो बरोबर सांगतो. पहिल्याच कटला उघडलं तर कोअरच्या कातडीखालचं असतं. आणि सगळ्या पार्टला एकाच कोपऱ्यात येतंय का, तेही लिहून घ्या.

टीवाय मेकॅनिकल, सांगली

कापलं! दोन पार्ट मिळाले. पहिल्यात कोअरला लागून गुळगुळीत भोकं, वरच्या बाजूला. दुसऱ्यात तशीच भोकं आहेत, शिवाय फ्लँज जिथं जोडतो तिथं खोलवर खडबडीत पोकळी. म्हणजे दोघंही बरोबर? कोअर शेल सँडचे आहेत.

कुपवाडचा मेथड्सवाला

निम्मे-निम्मे म्हण. आता सरांशी वाद घालू नको, दोन्ही तुकडे टेबलावर ठेव.

आधी गॅस बघू. शेल कोअरमध्ये रेझिन असतं, ते जळलं की गॅस होणारच, त्याला बाहेर जायला वाट हवी. कोअर प्रिंटमधून (कोअर साच्यात टेकतो त्या टोकातून) व्हेंट (गॅस जायचं भोक) निघतो का बघ. पुष्कळदा कोअरला वॉश (लेप) मारताना व्हेंटचं तोंड बुजतं, किंवा प्रिंट ढिला बसतो आणि मेटल व्हेंटमध्ये शिरतं. कॉलेजच्या लॅबमध्ये मफल फर्नेस असेलच. कोअरची थोडी वाळू वजन करून ९०० अंशाला वजन स्थिर होईपर्यंत ठेव आणि परत वजन कर. किती टक्के जळून गेलं ते कळेल. मग एकाच हीटमध्ये निम्मे बॉक्स आहेत तसे आणि निम्मे व्हेंट मोकळा केलेले ओतायला सांग, कोअरवर नंबर टाकून. त्या दिवशी दुसरं काही बदलू देऊ नको. पावसाळ्यात वाळूचा ओलावा रोज वेगळा असतो, तो नोंदवायचा राहिला तर सगळी तुलना फुकट.

फ्लँजच्या जोडाला रायझरआधी चिल लावून बघ. लोखंडाचा तुकडा, बस. तो भाग लवकर गोठला की पोकळीला जागाच उरत नाही. तुझं १०८ चं गणित रिपोर्टमध्ये जरूर ठेव, आणि ते इथं का लागू पडत नाही हेही खाली लिही. परीक्षक नेमकं तेच विचारतो. मात्र सुरुवातीची चार पानं १९१० ची किर्लोस्करवाडी आणि लोखंडी नांगर यांवर घालवू नका. आपल्याकडच्या प्रत्येक फाउंड्री प्रोजेक्टची प्रस्तावना तीच असते, व्हायव्हात ती पानं कुणी उलटतही नाही.

आणि एक राहिलं. दुसऱ्या पार्टला गेट (मेटल साच्यात शिरायची वाट) फ्लँजच्या बाजूनं होता का समोरून? गरम मेटल तिथूनच आत जात असेल तर चिलची जागा बदलावी लागेल.