‘स्कीनी’ला नेपथ्य म्हणावं का?

शब्दवेडी: ग्रीक नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिसच्या ‘शांती’ या विनोदी नाटकाचं (इ.स.पू. ४२१) परीक्षण लिहितेय, भर रंगमंचाच्या रचनेवर. अडलंय ‘स्कीनी’पाशी. मूळ अर्थ तंबू, खोपटं. अथेन्समध्ये ती पुढे रंगमंचामागची लाकडी इमारत झाली. नट आत कपडे, मुखवटे बदलत. मी ‘नेपथ्य’ लिहिलं. एका ज्येष्ठ मित्रानं खोडलं: “नेपथ्य म्हणजे सेट!” मग शाकुंतलातला सूत्रधार नेपथ्याकडे बघून नटीला बोलावतो, तो सेटकडे बघतो का?

पिटातला: शाकुंतल राहू द्या. जाहिरातीत नेपथ्यकाराचं नाव छापतात तेव्हा कपडे बदलायची खोली कुणाच्या मनात येते? सरळ ‘रंगपट’ लिहा. वीस वर्षं हौशी नाटकं केली, तोंडाला रंग लागायचा तो रंगपटातच.

शब्दवेडी: पण रंगपट प्रेक्षकांना दिसत नाही, स्कीनी दिसते! तिचंच दार आधी शेतकरी ट्रिजीअसचं घर, मग स्वर्गातल्या देवराज झ्यूसचं. म्हणजे जुनं नेपथ्य आणि आजचं नेपथ्य, दोन्ही एकाच भिंतीत. म्हणून तर तो शब्द मला सोडवत नाही.

मूळशोधक: ग्रीकांचा विषय निघालाच आहे तर ‘यवनिका’ घ्या. पडदा यवनांकडून, म्हणजे ग्रीकांकडून आला, नावातच आहे.

पिटातला: त्या काळी अथेन्सच्या रंगमंचाला दर्शनी पडदाच नव्हता. नसलेली वस्तू देणार कुठून? ‘जवनिका’ हेही रूप आहे. ‘जव’ म्हणजे वेग, झर्रकन सरकते ती.

मूळशोधक: कापड यवनांचं असू शकतं की. पडदाच त्यांचा हवा असं कुठंय?

गोदीकर: ट्रिजीअस शेणकिड्यावर बसून स्वर्गात जातो, ते ज्या यंत्रानं, त्याला काय लिहिलंत? ‘यारी’ लिहा. माझे आजोबा मुंबईच्या गोदीत कामाला होते, घरात क्रेन हा शब्द मी ऐकलाच नाही. वर लटकलेला नट भूमिका सोडून यंत्र चालवणाऱ्याला ‘नीट लक्ष दे’ म्हणतो, तो यारीवालाच.

शब्दवेडी: मी ‘उच्चालक यंत्र’ लिहिलं होतं. खोडते.

पिटातला: यारी फार लोखंडी वाटते. आमच्या गणपतीतल्या नाटकात मारुती उडायचा तो कप्पीवर. चार जण दोर धरून विंगेत, तळहात सोललेले.

गोदीकर: नुसत्या कप्पीनं माणूस सरळ वर जातो. इथे किड्याला छपरावरून फिरवून झ्यूसच्या दारात उतरवायचंय. त्याला वळणारा हात लागतो, आणि तो यारीला असतो.