उद्याचा विजेता ओळखताना

‘तूर द लावनीर’ ही तरुण सायकलपटूंची शर्यत जिंकणारा पोरगा पुढे नक्की चमकतो, हे मत मला अर्धंच पटतं. बर्नाल (2017) आणि पोगाचार (2018) यांच्या बाबतीत ते खरं ठरलं. पण विंगेगोनं ती कधीच जिंकली नाही, तरी 2022 आणि 2023 ची टूर द फ्रान्स त्याचीच! आणि आघाडीचा सायकलपटू इव्हेनपूल तर आधी फुटबॉल खेळायचा.

मी निकालापेक्षा तीन आठवड्यांच्या शर्यतीत तिसऱ्या आठवड्यातली रिकव्हरी बघतो. आणि डोकं. 2025 च्या जिरोत (इटलीतली मोठी शर्यत) फिनेस्त्रेच्या चढावर तरुण देल तोरो आणि कारापाझ एकमेकांवरच नजर ठेवून राहिले आणि सायमन येट्स विजेत्याची गुलाबी जर्सी घेऊन गेला. देल तोरोच्या पायांत ताकद होती, अनुभव कमी पडला. तरीही माझा भरवसा देल तोरोवरच आहे.