क्रोटनची चांगली पानं रोज गळतायत, वाचेल का?

बोडकी_कुंडी:
तीन आठवड्यांपूर्वी क्रोटन आणलं, तेव्हा काय देखणं होतं, लाल पिवळी पानं आणि शिरा तर अगदी केशरी. टीव्हीशेजारचा कोपरा रिकामा होता म्हणून तिथे ठेवलं. आता रोज सकाळी खाली चार-पाच पानं पडलेली, आणि तीही पिवळी पडून नाही, चांगली तुकतुकीत, नुसता हात लागला तरी टपकन पडतात. तहानलं असेल म्हणून रोज पाणी घातलं, मग बेडरूममध्ये नेलं, मग किचनच्या खिडकीत, गेल्या रविवारी कुंडी पण बदलली. खालचा दांडा पार उघडा पडलाय, वर आलेली दोन नवी पानं नुसतीच हिरवी. घरचे म्हणतात टाकून दे आता.

मातीत_हात:
अहो तीन आठवड्यांत तीन जागा आणि वर कुंडीही बदललीत, रुसणार नाही तर काय. क्रोटनला जागा बदललेली सोसतच नाही, नर्सरीतल्या लख्ख उजेडातून आणि दमट हवेतून घरात आलं की पानं टाकतंच. टाकू नका. दांडा नखाने जरासा खरवडा, सालीखाली हिरवं ओलसर दिसलं तर जिवंत आहे. आणि रोजचं पाणी आधी बंद! बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी द्या, पण मग तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या आणि बशीत साचलेलं ओतून टाका. खत आत्ता अजिबात नको.

उन्हाचा_तुकडा:
हिरव्या पानांचं एवढं टेन्शन नको, बऱ्याच जातींची कोवळी पानं हिरवी-पिवळीच येतात, जून झाली की लाल चढतो. पण उजेड कमी असेल तर तो चढतच नाही. टीव्हीशेजारी आपल्याला पेपर वाचता येतो म्हणजे झाडाला पुरतं असं नाही. खिडकीपासून हातभर अंतरावर, सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशी एक जागा धरा आणि मग महिनाभर हलवू नका. डायरेक्ट दुपारच्या उन्हात ढकलू नका, पानं भाजतात. एसीचा झोत नको, आणि १५ अंशांच्या खाली गारठा गेला तर परत पानगळ.

एक शंका, पानांवर बारीक फिकट ठिपके आहेत का? पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मारून बघा, धुळीचे कण चालायला लागले तर लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड.

बोडकी_कुंडी:
खरवडलं, आत मस्त हिरवं आहे, पण पांढरा चीक आला आणि बोटाला खाज सुटली. कागदावर दोन-तीन ठिपके खरंच चालत होते, शी! आता त्या खालच्या बोडक्या दांड्याला परत पानं येतील का?

मातीत_हात:
चीक लगेच साबणाने धुवा, डोळ्याला हात नको, लहान मुलं आणि मांजरापासून पण लांब ठेवा. एरंडाच्या कुळातलं आहे ना ते, शेर, पॉइन्सेटिया सगळे भाऊबंद, चीक असायचाच. गंमत म्हणजे शास्त्रीय नावाने हे क्रोटन नाहीच, कोडियम व्हेरिगेटम. क्रोटन हे नाव आपल्या जमालगोट्याचं.

कोळ्यासाठी झाड आडवं धरून नळाखाली पानांची पाठ नीट धुवा, कुंडीला प्लास्टिक बांधा म्हणजे माती चिखल होणार नाही. मग सौम्य साबणाचं पाणी फवारा आणि आठवड्याने परत, कारण अंडी राहतात. कोरड्या हवेत हे फार माजतात.

गळलेल्या जागी आपोआप पान येत नाही, शेंडा छाटावा लागतो, मग खालच्या डोळ्यांतून फुटवे येतात. पण आत्ता कात्री लावू नका, आधी गळती थांबून नवी चार पानं टिकू देत. छाटलेला शेंडा फेकू नका, चीक थांबला की दमट मातीत खोचा, मुळं धरायला महिनाभर लागतो.

बोडकी_कुंडी:
बाथरूममध्ये आंघोळ घातली, आत्ता खिडकीजवळ निथळतंय. त्या आंघोळीत अजून सहा पानं गेली.

उन्हाचा_तुकडा:
जाऊ देत, ती जाणारच होती. तुम्ही फक्त कुंडीला हात लावू नका.