मदत हवी आहे: फॉस्फो-ईआरकेचा बँड येतच नाही, टोटल मात्र ठणठणीत

गोदाकाठ
तीन वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं आकारानं वेगळी करून अँटिबॉडीनं शोधायची पद्धत) झाले, फॉस्फो-ईआरकेच्या (ईआरके प्रथिनाचं फॉस्फेट लागलेलं रूप) जागी काहीच नाही. टोटल ईआरके (फॉस्फेट असो-नसो, सगळा) 42 आणि 44 किलोडाल्टनला झकास दिसतो. अँटिबॉडी नवी आहे, 1:1000, रात्रभर 4 अंशाला. प्रत्येक लेनला 30 मायक्रोग्रॅम. इन्हिबिटर कॉकटेल (एन्झाइमं रोखणारं मिश्रण) घातलंय, ईआरके जागं करायला ईजीएफ (वाढीचा संदेश देणारं प्रथिन) दिलंय. अँटिबॉडीच खराब आली असं धरून दुसरी मागवू का? सोमवारी गाईडसमोर ठेवायचंय, लवकर सांगा.

सूक्ष्मदर्शी
थांबा, मागवू नका. पेशी कोणत्या? ईजीएफ किती, किती मिनिटं? कॉकटेल प्रोटिएजचं की फॉस्फटेजचं? पेशी प्लेटवरून काढता कशा?

तूर_परभणी
ब्लॉकिंग (अँटिबॉडी भलतीकडे चिकटू नये म्हणून मेम्ब्रेन आधी झाकणं) दुधात केलं असणार. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रथिन आहे. 5 टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या, टीबीएसटी या धुण्याच्या बफरमध्ये. दूध बंद म्हणजे बंद.

काळी_माती
@तूर_परभणी सरसकट तसं नाही. ही अँटिबॉडी फॉस्फेटच्या आजूबाजूचा क्रमही ओळखते, त्यामुळं ब्लॉकिंग दुधात चालतं. फक्त प्रायमरी (प्रथिन ओळखणारी पहिली अँटिबॉडी) बीएसएमध्ये पातळ करायची. कोणताही फॉस्फोटायरोसिन ओळखणारी अँटिबॉडी असेल तर दूध नकोच. पण दुधानं पार्श्वभूमी काळवंडते, सिग्नल थोडा उतरतो. बँड पार गायब होत नाही.

वीजजोडणी
लाइट गेल्यावर अँटिबॉडी खराब होते का, हे कुणी विचारत नाही. 50 टक्के ग्लिसरॉलमधली बाटली उणे 20 ला गोठतच नाही, दोन-चार तासांनी काही बिघडत नाही. फक्त तिला उणे 80 मध्ये ढकलू नका.

गोदाकाठ
अँटिबॉडी ठेवण्याबद्दल विचारलेलं नाही, कृपया. पेशी हेला (माणसाच्या कर्करोगाच्या), पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेकडच्या. ईजीएफ 100 नॅनोग्रॅम प्रति मिली, 30 मिनिटं. मग ट्रिप्सिन (पेशी प्लेटवरून सोडवायला), दोनदा पीबीएस (धुण्याचं खारं बफर), सेंट्रिफ्यूज, मग रिपा (पेशी फोडायचं बफर). हे नेहमीचंच म्हणून लिहिलं नव्हतं. कॉकटेल प्रोटिएजचं.

सूक्ष्मदर्शी
इथंच गेलं सगळं. प्रोटिएज इन्हिबिटर प्रथिनाचे तुकडे होऊ देत नाही, म्हणून टोटल सुंदर. फॉस्फेट काढणारे फॉस्फटेज मात्र मोकळे. ट्रिप्सिनपासून रिपापर्यंत पेशींना अर्धा तास कोमट वेळ मिळाला, तेवढा पुष्कळ झाला.

आदल्या रात्री सिरम 0.1 टक्क्यावर आणा, नाहीतर ईजीएफ न दिलेली लेनही उजळेल. ईजीएफ 5 ते 10 मिनिटं. 30 ला सिग्नल उतरायला लागतो. माध्यम ओता, प्लेट थेट बर्फावर, थंड पीबीएसनं एकदाच धुवा, बफर टाकून खरवडा. ट्रिप्सिन नाही. बफरमध्ये सोडियम फ्लोराइड 50 मिलिमोलर आणि ऑर्थोव्हॅनाडेट 1 मिलिमोलर. ईआरकेवर थ्रिओनिन 202 आणि टायरोसिन 204 अशा दोन जागा आहेत. फ्लोराइड पहिलीला राखतं, व्हॅनाडेट दुसरीला. एकावर भागत नाही.

काळी_माती
आणि रिपात ईडीटीए (धातूंचे आयन धरून ठेवणारं रसायन) आहे का ते बघा, तो व्हॅनाडेटला पकडून ठेवतो. डीटीटी (प्रथिनातले सल्फर-बंध तोडणारं रसायन) हाही त्याला निकामी करतो. माझं मत, रिपाच सोडा. 95 अंशाचा सॅम्पल बफर (जेलवर चढवायच्या नमुन्याचं डीटीटीवालं बफर) थेट प्लेटवर ओता, फॉस्फटेज जागच्या जागी मरतात.

सूक्ष्मदर्शी
मग प्रथिन मोजणार कसं? त्यातल्या डीटीटीमुळं बीसीए (रंगावरून प्रथिन मोजायची चाचणी) चालत नाही.

काळी_माती
पेशी मोजून सारख्या पेरायच्या, टोटलवर जुळवायचं. डीएनएनं चिकट झालं तर बारीक सुईतून दहा वेळा ओढा.

गोदाकाठ
जुना लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) उरलाय, त्यात आता फ्लोराइड घातलं तर?

सूक्ष्मदर्शी
नाही. गेलेला फॉस्फेट परत येत नाही. नवीन करा.

गोदाकाठ
बरं. व्हॅनाडेट विरघळवलं तर पिवळं दिसतंय. वापरू?

काळी_माती
पिवळं म्हणजे त्याचे रेणू एकमेकांना चिकटलेत, तसं काम करत नाही. पीएच 10 करा, रंग जाईपर्यंत उकळा, गार करून पीएच पुन्हा 10. परत पिवळं पडलं तर परत उकळा. पाण्यासारखं स्वच्छ राहिलं की 200 मिलिमोलरच्या छोट्या नळ्या उणे 20 ला.